पंचाहत्तर तासांचा हिशेब

परीक्षा नळापाशी सुरू होते. उमेदवार बाई वाहत्या पाण्याखाली हात धरते, साबण लावते, निदान वीस सेकंद बोटांच्या बेचक्यांतून आणि नखांखालून घासते, बोटांची टोकं खाली राहतील अशा बेताने हात धुते आणि कागदी रुमालाने कोरडे करते. मग नळ बंद करायचा, तो मात्र बोटांनी नाही, दुसऱ्या कोरड्या कागदाने. धुतलेला हात सवयीने नळाला लागला की सगळं मुसळ केरात. पुढे आणखी चार कामं करून दाखवायची असतात, आणि ती कुठली हे आधी ठाऊक नसतं. कधी नाडी मोजायची, कधी कवळी धुवायची, कधी बेडपॅन द्यायचं, कधी ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही त्याला भरवायचं. परीक्षक कोपऱ्यात उभं राहून खुणा करत असतात: पडदा ओढला का, व्हीलचेअरचे ब्रेक लावले का, खोलीतून बाहेर पडताना बेल रुग्णाच्या हाताशी ठेवली का.

अमेरिकेत ‘सीएनए’, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट होण्यासाठी बऱ्याच राज्यांत अशा धर्तीची प्रात्यक्षिक परीक्षा असते. जोडीला लेखी परीक्षा, आणि वाचनाची अडचण असेल त्याला तोंडी. दोन्हींची मिळून फी राज्याप्रमाणे साधारण १०० ते १५० डॉलर. नापास झालं तर पुन्हा बसता येतं, निदान तीन संधी राज्याने द्यायलाच हव्यात असा केंद्राचा नियम आहे. पण फेरपरीक्षेला पुन्हा फी. साधा हात धुण्याचा प्रकार, पण त्यातली चूक अशी महाग पडते.

इथे एका शब्दाचा घोळ आधी निस्तरायला हवा. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते गल्लीतल्या डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं खासगी रुग्णालय, जिथे बाळंतपणं होतात आणि अपेंडिक्स काढलं जातं. अमेरिकेतलं नर्सिंग होम वेगळं. तिथे माणसं राहायला येतात, कधी ऑपरेशननंतर काही आठवड्यांसाठी, कधी उरलेल्या आयुष्यासाठी. पक्षाघात झालेले, स्मृतिभ्रंश झालेले, अंथरुणाला खिळलेले. डॉक्टर अधूनमधून येतात, नर्स औषधं देते, पण उठवणं, न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं, डायपर बदलणं, घास भरवणं ही दिवसभराची कामं सीएनए करतात. देशात त्या सुमारे १४ लाख आहेत, दहातल्या जवळपास नऊ स्त्रिया. २०२३ साली त्यांची मध्यक कमाई वर्षाला ३८,२०० डॉलर होती. पूर्णवेळ कामाच्या तासांनी भागलं तर ताशी अठरा डॉलर आणि काही सेंट. आपल्या रुपयांत गुणाकार करून डोळे विस्फारण्याचा मोह होतो, पण भाडं, पेट्रोल आणि पाळणाघराची फी तिथल्याच डॉलरात द्यायची असते.

ही नोकरी मिळण्याआधी किती शिकायचं आणि त्याचे पैसे कुणी भरायचे, हे दोन्ही प्रश्न अमेरिकेने एकाच कायद्यात सोडवले. निदान कागदावर.

१९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजना आल्या आणि नर्सिंग होमच्या धंद्यात सरकारी पैसा वाहू लागला. पैशामागून घोटाळे आले. बिछान्याला बांधून ठेवलेले म्हातारे, पाठीवरची चिघळलेली शय्याव्रणं, गुंगीच्या गोळ्या देऊन गप्प बसवलेली माणसं. अखेर १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने या संस्थांमधल्या सेवेवर अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या अर्थसंकल्पी कायद्याच्या पोटात नर्सिंग होम सुधारणेचं प्रकरण आलं. ‘ओब्रा ८७’ या नावाने ते ओळखलं जातं. तोवर बऱ्याच राज्यांत रस्त्यावरून आलेल्या कुणालाही त्याच दिवशी एप्रन चढवून वॉर्डात पाठवता येत होतं. या कायद्याने सांगितलं की सहायकाला निदान ७५ तासांचं प्रशिक्षण हवं, त्यात निदान १६ तास प्रत्यक्ष देखरेखीखालचा सराव हवा आणि रहिवाशाला हात लावण्याआधीच १६ तासांचे धडे व्हायला हवेत. या सुरुवातीच्या सोळा तासांत संसर्ग कसा टाळायचा, घशात घास अडकला तर काय करायचं हे येतं. बोलायचं कसं आणि म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने जे जमतं ते त्याला करू द्यायचं, हेसुद्धा येतं. प्रत्येक राज्यात नोंदवही आली. तिच्यात नाव नसेल तर नर्सिंग होममध्ये कायम काम नाही.

७५ हा आकडा किती लहान आहे हे कळायला शेजारच्या दुकानात डोकावावं. कॅलिफोर्नियात नखं रंगवण्याचा परवाना हवा असेल तर ४०० तासांचं प्रशिक्षण लागतं. केशभूषा आणि सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्याला २०२१ पर्यंत १,६०० तास लागत, ते कमी करून १,००० वर आणले गेले. याच कॅलिफोर्नियात सीएनएला १६० तास पुरतात, ६० वर्गातले आणि १०० प्रत्यक्ष कामाचे. तेही देशाच्या मानाने भरपूर म्हणायचे. मेन राज्यात १८०, न्यू यॉर्कमध्ये १००, न्यू जर्सीत ९० तास. निम्म्याहून अधिक राज्यांनी केंद्राच्या ७५ वर भर घातली आहे, बाकीची तिथेच थांबली आहेत. तज्ज्ञ समित्यांनी २००८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये किमान १२० तासांची शिफारस केली. केंद्राचा आकडा १९८७ पासून हललेला नाही.

तास वाढवा म्हणणं सोपं आहे. पण प्रत्येक वाढीव तास कुणाच्या तरी खिशातून जातो, आणि हिशेबाचा पेच इथेच पडतो.

कोर्सची फी साधारण ५०० ते २,००० डॉलरच्या दरम्यान असते. कुठे शिकता यावर ती अवलंबून. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात तिथल्या रहिवाशांसाठी युनिटमागे ४६ डॉलर फी आहे. सहा युनिटांचा कोर्स धरला तर २७६ डॉलर, म्हणजे जवळपास फुकटच. पण कॉलेजच्या जागा मोजक्या, वर्ग सत्राच्या वेळापत्रकाला बांधलेले. घाई असणारी बाई खासगी संस्थेकडे वळते. तिथली नवी तुकडी येत्या सोमवारी सुरू होते, संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्गही असतात, आणि फी चार-पाच पट. गरिबाला वेळ विकत घ्यावा लागतो तो असा.

फीच्या मागे किरकोळ वाटणाऱ्या खर्चांची रांग असते. निळा किंवा त्या संस्थेच्या रंगाचा स्क्रब, न घसरणारे पांढरे बूट, सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ, कारण नाडी आणि श्वास मोजताना मोबाइल काढायचा नसतो. रुग्णाला कमरेला धरून उठवण्याचा जाड कापडी पट्टा. पाठ्यपुस्तक. क्षयरोगाची चाचणी, डॉक्टरचं तंदुरुस्तीचं पत्र, हिपॅटायटिस बी आणि फ्लूच्या लशी. सीपीआरचं कार्ड. बोटांचे ठसे देऊन गुन्हे-तपासणी. एकेकटी घेतली तर कुठलीच रक्कम छाती दडपवणारी नाही. मात्र बऱ्याच गोष्टी प्रत्यक्ष वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी हव्या असतात, त्यामुळे सगळे खर्च एकाच पंधरवड्यात अंगावर येतात. त्याच पंधरवड्यात घरभाडंही असतं.

आणि जाहिरातीत जी कधीच छापली जात नाही ती रक्कम सगळ्यांत मोठी. समजा, सॅक्रामेंटोत एखाद्या हॉटेलात खोल्या आवरणारी बाई किमान वेतनावर आहे. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाचं किमान वेतन ताशी १६ डॉलर होतं. १६० तास तिने कामाऐवजी प्रशिक्षणाला दिले तर २,५६० डॉलर बुडाले. महागातल्या महाग फीपेक्षा जास्त. कम्युनिटी कॉलेजच्या २७६ डॉलरांशी तर तुलनाच नको. जिथे फक्त केंद्राचं ताशी ७.२५ डॉलर किमान वेतन लागू आहे आणि तासही ७५ च आहेत तिथे हा आकडा ५४४ डॉलरांवर येतो. म्हणजे चांगल्या, लांब प्रशिक्षणाची खरी किंमत फीच्या पावतीवर नसते, बुडालेल्या पगारात असते. दिवसा वर्ग आणि रात्री काम असं जमवणाऱ्या बायका असतात. मूल कुणाकडे ठेवायचं याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे त्यांनाच ते जमतं.

कायदा करणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं असं नाही. उलट, १९८७ च्या कायद्यातली पैशाबद्दलची तरतूद उदार आहे, फक्त आजही अनेक शिकणाऱ्यांना ती ठाऊक नसते. प्रशिक्षण सुरू होण्याच्या दिवशी एखादी बाई नर्सिंग होमच्या नोकरीत असेल, किंवा तिच्या हातात नोकरीचा देकार असेल, तर तिच्याकडून एक पैसाही घेता येत नाही. फी नाही, पुस्तकाचे पैसे नाहीत, परीक्षेचेही नाहीत. शिवाय प्रशिक्षण चालू असताना नर्सिंग होम तिला चार महिन्यांपर्यंत कामावर ठेवू शकतं. जे शिकून झालं आणि येतं, तेवढंच काम द्यायचं. पगार चालू, शिक्षण चालू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना महाराष्ट्राला जुनी आहे. त्याच जातीची ही व्यवस्था, फक्त मालक नर्सिंग होम.

आणि जिने आधी पदरचे पैसे घालून कोर्स केला तिचं काय? तिच्यासाठीही सोय आहे. कोर्स संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत मेडिकेअर-मेडिकेडची मान्यता असलेल्या नर्सिंग होममध्ये नोकरी लागली तर तिला खर्च परत मिळण्याची व्यवस्था राज्याने करायची आहे. मात्र एकरकमी नाही. जसजसे नोकरीचे महिने भरतील तसतसा, हप्त्याने.

त्या कलमाच्या ओळींमधल्या फटी इथे दिसतात. कोर्स करून बाई रुग्णालयात लागली, तर परतफेड नाही, कारण कायदा नर्सिंग होमपुरता. घरी जाऊन सेवा देणाऱ्या एजन्सीत लागली तरी नाही. चौदाव्या महिन्यात लागली तरी नाही. तीन महिन्यांत पाठ धरली आणि नोकरी सोडली तर तीन महिन्यांपुरतंच. पावत्या जपल्या नसतील तर मागणार कशाच्या बळावर? आणि ज्या बाईने पैसे उसने घेऊन फी भरली, तिचं व्याज कलमात नाही. थोडक्यात, दाराच्या कुठल्या बाजूने आत आलात यावर सगळं ठरतं. आधी नोकरी मग शिक्षण, तर फुकट. आधी शिक्षण मग नोकरी, तर आधी स्वतःचे पैसे घाला आणि मग हप्त्यांची वाट पाहा. खासगी संस्थांच्या जाहिराती अर्थातच दुसऱ्या दाराच्या असतात.

पहिलं दार सगळीकडे उघडं का नाही, याला नर्सिंग होमच्या बाजूचीही कारणं आहेत. स्वतःचा प्रशिक्षणवर्ग चालवायचा तर अनुभवी नर्स शिकवायला लागते, आणि तिची खाटांपाशीच चणचण असते. दुसरं म्हणजे तपासणीत गंभीर दोष सापडले, किंवा दंड ठरावीक रकमेच्या वर गेला, तर त्या संस्थेला दोन वर्षं प्रशिक्षणवर्ग चालवता येत नाही. ही दंडमर्यादा मूळ कायद्यात ५,००० डॉलर होती, महागाईनुसार वाढत ती पुढे दहा हजारांच्या वर गेली. वाईट संस्थेत नव्यांनी वाईट सवयी शिकू नयेत हा हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र उफराटा होतो: माणसं कमी म्हणून सेवा ढासळते, सेवा ढासळली म्हणून दंड होतो, दंड झाला म्हणून नवी माणसं घडवण्याचं दार दोन वर्षं बंद. ग्रामीण भागात, जिथे जवळचं कॉलेज शंभर किलोमीटरवर असतं, तिथे हा फास जास्त आवळतो.

त्यात शिकवलेली माणसं टिकतही नाहीत. २०२१ मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १५,००० हून अधिक नर्सिंग होममधल्या हजेरीच्या नोंदी तपासल्या गेल्या. नर्सिंगच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक गळती सरासरी १२८ टक्के निघाली. शंभराच्या वर टक्के कसे, असा प्रश्न पडेल. एकाच जागेवरचं माणूस वर्षात एकाहून अधिक वेळा बदललं की असं होतं. अशा ठिकाणी मालक प्रशिक्षणाच्या खर्चाकडे गळक्या हंड्यात ओतलेल्या पाण्यासारखं पाहतो. हंडा गळका का, तर पगार आणि पाठदुखी. पण ती चर्चा प्रशिक्षणाच्या बजेटात येत नाही.

मग सरकारी शिष्यवृत्ती? गरीब विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत पेल ग्रँट आहे, पण ती मिळण्यासाठी अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे निदान ६०० तासांचा असावा लागतो. सीएनएचा कोर्स त्याच्या जवळपासही फिरकत नाही. २०२५ च्या जुलैमधल्या कायद्याने छोट्या, नोकरीशी जोडलेल्या अभ्यासक्रमांसाठी पेलचं नवं दार उघडलं, २०२६ च्या जुलैपासून. त्याच्या उंबरठ्यावर लिहिलेलं आहे: १५० ते ५९९ तास, आणि आठ ते पंधरा आठवडे. न्यू जर्सीचे ९० तास बाहेर, न्यू यॉर्कचे १०० बाहेर. कॅलिफोर्नियाचे १६० आत येऊ शकतील, पण आठवडे आठ भरले पाहिजेत. घाईची सहा आठवड्यांची तुकडी पुन्हा बाहेर. आरोग्यव्यवस्थेतल्या सर्वांत खालच्या पायरीवरचा अभ्यासक्रम इतका छोटा की मदतीच्या चाळणीतून खाली पडतो. राज्यांच्या रोजगार कार्यालयांमार्फत प्रशिक्षणाचे पैसे मिळू शकतात, त्याला कागदपत्रं आणि धीर दोन्ही लागतात.

२०२० च्या मार्चमध्ये एक अजब प्रयोग घडला. कोविडने नर्सिंग होममध्ये कहर मांडला, वर्ग बंद पडले, परीक्षा थांबल्या, आणि केंद्राने ७५ तासांची अटच बाजूला ठेवली. नर्सिंग होमच्या संघटनेने आठ तासांचा ऑनलाइन कोर्स काढला. फुकट. तो करून माणसं ‘तात्पुरते नर्स एड’ म्हणून वॉर्डात गेली. जे कौशल्य शिकायला एकीकडे १८० तास लागतात ते दुसरीकडे एका दिवसात, असा हा मामला. २०२२ च्या जूनपासून ही सवलत आवरती घेतली गेली आणि या लोकांपुढे प्रश्न आला: पूर्ण प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्या, नाहीतर घरी जा. ज्यांनी साथीच्या सर्वांत वाईट महिन्यांत अंथरुणं बदलली होती त्यांना मग हात धुण्याच्या त्या नळापाशी रांगेत उभं राहावं लागलं.

दुसऱ्या देशांनी गाठ वेगळी सोडवली आहे. जर्मनीत तीन वर्षांच्या नर्सिंग प्रशिक्षणाला २०२० पासून फी नाही, उलट शिकणाऱ्याला दरमहा वेतन मिळतं. सहायकांसाठीही देशभर एकच, अठरा महिन्यांचा, पगारी अभ्यासक्रम २०२७ पासून ठरला आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि १०,००० तरुणांचा आकडा जाहीर केला, त्यात रुग्णसेवेतली कामंही आहेत. घरच्या मराठी आईवडिलांसाठी मात्र आपण आजही ब्यूरोला फोन लावतो आणि बारा तासांच्या पाळीची मावशी मागवतो. तिने कोर्स केला आहे का, हे विचारणारा ग्राहक विरळा, आणि विचारायला भाग पाडणारा कायदा नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट हा अभ्यासक्रम कौशल्य विकास योजनेत सरकारी खर्चाने शिकवला जातो, पण कामावर घेताना त्याची सक्ती नाही. मावशी शिकते ती पहिल्या दोन-चार घरांतल्या म्हाताऱ्यांवर, फी न देता. किंमत त्यांच्या पाठीवरच्या शय्याव्रणांत मोजली जाते.

अमेरिकेतली नोंदवही आणखी एका बाबतीत कडक आहे. सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर प्रमाणपत्र निकामी; पुन्हा प्रशिक्षण घ्या किंवा पुन्हा परीक्षा द्या, राज्याच्या नियमाप्रमाणे. कलमात शब्द आहेत ते पैशाच्या मोबदल्यात केलेल्या सेवेबद्दल. एखाद्या सीएनएच्या स्वतःच्या आईला पक्षाघात झाला, तिने नोकरी सोडली आणि दोन वर्षं आईला कुशीवर वळवलं, भरवलं, पट्टा बांधून उठवून खुर्चीत बसवलं, तर कायद्याच्या लेखी त्या दोन वर्षांत तिने काहीच केलेलं नसतं. पंचविसाव्या महिन्यात ती कामाला परत निघाली की आधी परीक्षेची फी भरते, दोन्ही भागांची मिळून शंभर-दीडशे डॉलर, आणि ठरल्या दिवशी नळ सोडून वीस सेकंद मोजते.